पार्ट निघाला आहे

कार्तिकातली पहाट, सव्वापाच.
मागच्या सीटवर बर्फाचा डबा, त्यात अजून काही नाही,
शेजारी सुया, लाल झाकणाच्या नळ्या, जांभळ्या झाकणाच्या नळ्या.
खरांगण्याच्या उताराला तुरीतून रोही निघाला
आणि त्याला मी ऐकूच आले नाही.

आवाज नाही, हीच तर खुबी सांगितली होती शोरूममध्ये.
गावातली कुत्रीसुद्धा मागं लागायची नाहीत.
नळ्यांवर नावं लिहिणारी वनमाला म्हणायची,
मॅडम, तुमी येता तं भूत आल्यावानी वाटते.

धडक फार मोठी नव्हती.
रोही उठला, एक पाय झाडला, माझ्याकडं पाहिलं
(मी काच खाली करून सॉरी म्हणाले, हे कुणाला सांगू नका)
आणि पऱ्हाटीत शिरला.
बंपर, डावा दिवा,
आणि खाली पोटाशी पंज्याएवढा पोचा.

आधी हबीबभाईंकडं नेली.
ज्या माणसानं पुलावरून पडलेली जीप
लाकडी हातोडीनं थोपटून थोपटून
वरातीत नेण्याजोगी केली होती,
तो खाली वाकला, नारिंगी केबल पाहिली,
आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.
"पोचा काढीन मी एका दुपारीत, ताई.
पण याच्यात जीव हाय,
अन् कुठं हाय ते मले मालूम नाही."

मग नागपूर. ट्रकवर चढवून, वर ताडपत्री.
वर्कशॉपमधला कोहळे नावाचा पोरगा गोड बोलतो.
बॅटरीचं कवच बदलावं लागेल म्हणाला.
विम्याचा माणूस फोटो काढून गेला,
पुन्हा आला, तेच फोटो पुन्हा काढून गेला.
मग पार्ट.
पार्ट मागवला आहे.
पार्ट मंजूर झाला आहे.
पार्ट निघाला आहे.
संक्रांतीला निघाला होता.
महाशिवरात्रीलाही तो निघालेलाच होता.

पाच तारखेचा हप्ता मात्र निघतो तसा पोचतोही.

मी सकाळी रक्त घेते आणि संध्याकाळी सांगते
साखर किती, हिमोग्लोबिन किती,
प्लेटलेट कुठवर उतरल्या.
कधी मशीन बिघडतं, मी "उद्या" म्हणते,
तेव्हा दारातल्या माणसाचा चेहरा कसा होतो
ते मी आता बसून बघते.

भिंतीवरचा चार्जर रात्रभर हिरवा डोळा मिचकावतो.
त्याच्या केबलवर घरमालकीण पायपुसणं वाळवते.
लांजेवार काका फाटकाशी थांबून रोज विचारतात, आली का?
जशी काही बाळंतपणाला माहेरी गेलीय.

मी अजून तिच्याच बाजूनं आहे, सांगून ठेवते.
तेलाचे पैसे वाचले म्हणून दोन वर्षं
एकाही तपासणीचा दर वाढवला नाही मी.
फक्त हे कुणी सांगितलं नव्हतं
की चालते तोवर ती आर्वीची असते,
आणि मोडली की इतकी लांबची.

सध्या भावाची जुनी मोटारसायकल.
पोटरीला सायलेन्सरचा चटका, डबा मागं दोरीनं बांधलेला.
काल त्याच उताराला, गव्हाच्या धुऱ्यावर, रोही उभा.
डाव्या मांडीवर केस न उगवलेला पट्टा.
तोच असेल असं काही नाही.
रोही मायंदाळ झालेत, लोक रात्रभर डबे वाजवतात.
पण मी इंजिन बंद केलं.
तो चार पावलं चालला. चांगला चालला.
विचारावंसं वाटलं,
तुझं काय काय बदलावं लागलं,
कितव्या दिवशी उभा राहिलास.

डब्यात सतरा नळ्या, बर्फ पाझरायला लागलेला.
तिसऱ्या किकला लागली.
त्या आवाजानं त्यानं कान टवकारले
आणि सावकाश
बाजूला झाला.