हात भाड्याने

पोलंडमधल्या वूच शहरात, बंद कापडगिरणीत
सेट लागला होता: एक खोली, एक पियानो,
खिडकीबाहेर मिठाचा बर्फ.
सिनेमा फाटक्या वादकाचा.
चेहरा नटाचा,
वाजवणं वॉर्सॉच्या कुणा बाईचं, आधीच रेकॉर्ड झालेलं.
हात तेवढे बोगुमिलचे,
तासाच्या बोलीवर.

मी मेकअपवाली. मला सांगितलेलं,
हात गरीब दिसू देत.
काजळीचा डबा उघडला
आणि बघत राहिले:
बेकरीच्या भट्टीने डागलेली मनगटं,
नखांत सुकलेली कणीक.
डबा मिटला.

"अजून थरथर हवी," दिग्दर्शक म्हणाला,
"उद्या याचा पियानो विकला जाणारे."
"माझा ऑक्टोबरात गेला," बोगुमिल म्हणाला.
"तेव्हा नव्हते हो थरथरत.
हमाल जिन्याच्या वळणावर अडकले,
मी खालून टेकू देत होतो."
दिग्दर्शकाला हे फार आवडलं.
वहीत लिहून घेतलं.
टिपली मात्र थरथरच.

मार्चमध्ये सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला
आम्ही दोघं, आणि पुढे पेंगणारा एक म्हातारा.
पडद्यावर त्याचे हात आले, भिंतीएवढे.
त्याने पाहिलेच नाहीत.
डोळे मिटून त्या बाईला ऐकत होता.
एका जागी पुटपुटला,
"इथे घाई केली तिने."

नावं वर सरकू लागली.
माझं होतं. पियानो जुळवणाऱ्याचंही.
बोगुमिल तोवर कोटाची बटणं लावत होता,
सहाला त्याची पाळी होती,
कणीक भिजत पडली असणार.