नवरी-२

यशपाल म्हणतो, काका, एडियस आता म्हातारं झालं.
त्याच्या पेनड्राइव्हमध्ये दोन नवीन आहेत.
एक महिन्याच्या भाड्याचं.
एक फुकट, पण त्याला ग्राफिक कार्ड लागतं
माझ्या वर्षभराच्या दुकानभाड्याएवढं.

तळोधीच्या बसस्टँडमागे, चक्की आणि मोबाइल रिचार्जच्या मधे.
मे महिना. कूलरमध्ये बादलीने पाणी मीच ओततो.
सतरा लग्नं हार्डडिस्कवर पडून,
अठरावं परवा, नवरगावला.

भाड्याचं म्हणजे कसं?
म्हणजे पैसे थकले की उघडत नाही, काका.
एकदा रोवणी लागली की इकडे कोण लग्न लावतो?
चार महिने बंद शटरचं भाडं भरतोच मी,
आता बंद खिडकीचंही भरू?

फुकटचं त्यानं उघडून दाखवलं.
सीपीयूचा पंखा असा ओरडला
की चक्कीवाला पिठाच्या भुवया घेऊन डोकावून गेला.
खाली रंगांची चाकं, ओळीने.
हे सावल्यांचं, हे मधल्या उजेडाचं, हे झगमगाटाचं.
मी बोट लावलं आणि अख्खा मांडव निळा झाला.

खरं सांगू, निवड माझ्या डाव्या हातानं
कधीच करून टाकली होती.
कट कुठल्या बोटाखाली आहे ते त्याला ठाऊक.
लाइट गेली, यूपीएस किंचाळला,
की मी घाबरायच्या आत तो सेव्ह करून मोकळा.
पाकळ्यांतून निघणारा नवरदेव,
बदामाच्या आकारात मावणारं जोडपं, सगळं त्याच्याकडे.
असलं आता कोणी मागत नाही, यशपाल म्हणतो.
मागतात. पाथरीवाले अजून मागतात.

मग रीमा कोडापे आली, दवाखान्यातली नर्स.
एप्रिलमध्ये लग्न झालं तिचं.
पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.
‘भाऊ, हे मी नोहो.’
वाटलं, फाइल बदलली. लावून पाहिलं.
मांडव तोच, मामा तोच, तोच हिरवा शालू.
‘मी कारी हावो,’ ती म्हणाली, ‘हे कोन?
माही माय इचारते, थे पोरगी कोनाची?’
रागावली नव्हती.
रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवावा, तसं बोलली.

यशपालनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे.

एडियसमध्ये माझं एक बटन आहे.
नाव दिलंय नवरी-२.
(नवरी-१ कमी उजळ होती. लोकांना पटली नाही.)
कुणा एका सासऱ्यानं म्हटलं होतं,
‘पोरगी जराशीक उजर करजो गा.’
पुढे कोणी म्हणायच्या आधीच
हात लावत गेला.

ती गेल्यावर जुन्या डिस्क काढल्या.
मिंडाळा, दोन हजार चौदा. वाढोणा. गिरगाव.
मग मोजणं सोडलं.
वाफ्यात वाकून पाठी भाजलेल्या,
पहाटे मोह वेचून आलेल्या,
सगळ्या एकाच पिठाच्या मळलेल्या.
हळद अंगभर, आणि खाली पांढरं.
माझ्या लग्नाची शूटिंग मी केली नव्हती,
म्हणून माझी बायको तेवढी
तिच्या रंगाची राहिली.

रात्री यशपालला सांगितलं, फुकटचं टाक.
कार्ड?
नागपूरला सेकंडहँड बघ.
चाकं आवडली ना, काका?
हो म्हणालो.

कुठलं चांगलं, मला अजून कळलेलं नाही.
नव्यात कट सापडत नाही,
डावा हात सोयऱ्यासारखा टेबलावर बसून असतो,
चहा येईपर्यंत काय करावं ते न सुचून.
पण ते बटन
इथं मी अजून बनवलेलं नाही.

रीमाची हळद उघडली.
सगळी चाकं शून्यावर ठेवली आणि नुसतं पाहत बसलो
तिचा हात, त्यावरचं पिवळं.
रेंडर दाखवतंय, चार तास अकरा मिनिटं.
लाइट राहिली, तर सकाळपर्यंत.