धूम्रपान : नाही

फॉर्मवरची चौकट एवढीशी,
दोन नखं मावतील न मावतील.
धूम्रपान? होय / नाही.
पोचव्वा लिंगय्या गुर्रम, वय एकसष्ट,
राहणार कुंभारी, पूर्वी साखर पेठ.
"लेदू," म्हणते. नाही.
आणि खरंच बोलते,
आयुष्यात एक विडी ओठाला लावली नाही तिनं.
वळल्या मात्र.
मी एकदा रात्रपाळीत हिशेब मांडला होता:
रोजच्या नऊशे, वर्षाचे तीनशे दिवस, शेहेचाळीस वर्षं.
एक कोटी चोवीस लाख वीस हजार,
छाटीत गेलेल्या धरून.

दंडाला पट्टा बांधून मी तिची नस शोधते.
बाहेर सिव्हिलच्या पत्र्यावर चव्वेचाळीस अंश.
आधी लाल टोपणाची नळी, मग जांभळी.
हे रक्त माझ्या ओळखीचं आहे,
नऊ महिने मी त्याच्यावरच जगले.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
सुपाखाली मी.
कात्रीचा आवाज मला हृदयाच्या ठोक्यासारखा वाटायचा म्हणे,
कात्री थांबली की लाथ मारायचे.

डिप्लोमाच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं,
विष पदार्थात नसतं, मात्रेत असतं.
मी घरात तेलुगू बोलणारी पोर,
मात्रा म्हटलं की मला अजून
अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघच आठवते.
ती विसरले की 'वेळ'चा 'वळ' व्हायचा
आणि बाई पट्टीनं वळ उठवायच्या.
एवढी बारीक रेघ.
एकाही दिवशी मरण्याइतकी नव्हे.
रोज एक.

अप्पा डाईंगला होता.
सोमवारी हात तांबडे, गुरुवारी मोरपंखी,
आम्ही वार कॅलेंडरवर बघत नसू.
लघवीला रंग आला तेव्हा मोरीतून हसतच बाहेर आला,
"आज लाल लॉट आहे गं!"
त्याच्या फॉर्मवरही हीच चौकट होती.
तिथं 'होय' होतं,
आणि डॉक्टरांना तेवढं पुरलं.

कुणी विचारलं नाही
की पुढच्या खोलीत माग होता,
की सकाळी उठल्यावर भुवयांवर कापूस असायचा,
की उशाशी रॉकेलचा स्टो,
की मागच्या नाल्यात आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो
आणि कोरी होडी पुलापलीकडे जांभळी निघायची.
ज्याची जास्त जांभळी, तो जिंकला.

"फुंका. अजून. अजून थोडं."
यंत्राच्या कागदावरची रेघ चढते,
आणि मध्येच बसते,
चढ न चढवणाऱ्या माणसासारखी.
आई माझ्याकडे बघते, पास झाले का?

संगणकात 'शेरा' नावाचा रकाना आहे.
मी टंकते:
विडी वळते. भुकटी. नवरा डाईंगला. मागाचा काप
पुढं उमटत नाही.
मी 'काप' पुसून 'धूळ' लिहिते,
मग 'नवरा' पुसते, जागा करायला.
मग वाटतं, एवढ्यात बसायचं तर
कुणाकुणाला पुसू?
रांगेत मागून एक बाई म्हणते, "ओ ताई, लवकर."
तिच्या बोटांना तोच पिवळेपणा.

रविवारी श्रीनिधीचं जावळ काढलं.
केस सगळं लिहून ठेवतात, मला ठाऊक आहे,
बोटभर केसात वर्षभराची वही.
एक बट मी कागदात घडी घालून ठेवली.
का ठेवली, विचारू नका,
तपासायचं धाडस नाही अजून.
आईनं ती पुडी उघडली, नाकाशी नेली.
"वास येतो का गं तंबाखूचा?"
मी विचारलं.
ती बराच वेळ हुंगत राहिली.
मग म्हणाली, "तंबाखूला वास असतो?"