साडेपाच

हातिमभाईंच्या दुकानात, मेन रोडला,
भिंतीवरची अकरा घड्याळं अकरा वेळा सांगतात,
आणि कुणी वेळ विचारली की हातिमभाई
खिशातला मोबाईल काढतात.

मला दोन वेळा दाखवणारं घड्याळ हवंय, म्हटलं.
एक इथली. एक लिंकनशायरची.
ते हसले नाहीत. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
तिकडं कोण आहे?
कोणी नाही, म्हटलं. द्राक्षं आहेत.

तेरा वर्षं झाली पॅकहाउसला, कागदांच्या टेबलावर.
कंटेनरचा नंबर, आतलं तापमान, फवारणीच्या अंशाचा रिपोर्ट,
आणि बोटांवर मोजलेले तास:
आत्ता तिकडं किती? उठला असेल का हॉल्डन?
मागच्या फेब्रुवारीत एकदा चुकले.
मागे मोजायचे ते पुढे मोजले
आणि पहाटे तीनला फोन वाजला त्याच्या घरी.
बायकोनं उचलला.
एवढं इंग्रजी येतं मला, पण तोंडातून निघालं
"अगं बाई, चुकलं हो."

काळ्या मखमलीवर चार घड्याळं मांडली त्यांनी.
पहिल्याची किंमत ऐकून हात मागे घेतला,
तव्याला लागल्यासारखा.
दुसऱ्यात शहरांची यादी, बटण दाबत जायचं:
कराची, दिल्ली, ढाका, बँकॉक.
आणि नाशिक?
दिल्ली दाबा, ते म्हणाले, नाशिक त्यातच येतं.
येतं खरं. नेहमीच येतं.

तिसरं आवडलं.
निळी तबकडी, लाल टोकाचा एक जास्तीचा काटा,
दिवसाला एकच फेरी मारणारा.
त्यांनी चावी ओढून फिरवला तर तो थांबला
दोन आकड्यांच्या मधोमध.
"हा असाच उभा राहणार, बेन.
जगाशी आपला हिशेब पुऱ्या तासांत बसत नाही.
अर्धा उरतो."

तो अर्धा मला ठाऊक आहे.
इथं अडीच, तिथं नऊ.
हॉल्डन तीनच्या आत कधी उत्तर देत नाही.
त्या अर्ध्या तासात मी डबा खाते,
एक डोळा भाकरीवर, एक पडद्यावर.

तेवढ्यात फोन. खेडगावचे पुंजाबा बोरस्ते.
"ताई, एकशेसोळावा दिवस. गोडी अठरा. गाडी कधी?"
त्यांना तारीख विचारा, छाटणीपासूनचे दिवस सांगतील.
पोरीच्या लग्नाची तारीखसुद्धा अशीच सांगितली होती:
बाग नव्वदीत असताना.

हातिमभाई, म्हटलं, छाटणीपासूनचे दिवस
दाखवणारा काटा असतो का कशात?
त्यांनी खरंच विचार केला.
"तारखेची खिडकी असते. पण ती एकतीसला संपते."

चौथं त्यांनी दाखवलंच नाही.
माझ्याच मनगटावरचं मागितलं,
आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं,
पट्ट्याची कडा उसवलेलं.
फडक्यानं पुसलं, चार दहाचं,
आणि डोकं खाली करून माझ्यासमोर धरलं.
"वाचा."

दहा चाळीस.

मोबाईलमध्ये पाहिलं. लंडन: दहा चाळीस.
काचेत माझं तोंड दिसलं, उघडंच राहिलेलं.
"मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंतच चालेल हं.
मग ते लोक तास पुढे ढकलतात."
तोवर आमचाही माल सरत येतो, म्हटलं.
एप्रिलात बोरस्ते खरड छाटणी करतात
आणि पुन्हा एकपासून मोजतात.
"मग सगळेच ढकलतात," हातिमभाई म्हणाले,
आणि पट्टा शिवायचे चाळीस रुपये घेतले.

बाहेर रिक्षावाला म्हणाला,
मावशी, घड्याळ उलटं घातलंय.
माहितेय रे.
तिकडचे पावणेअकरा पाहिले,
मग बोरस्त्यांना फोन लावला:
गाडी उद्या सहाला येतेय.
हो, सकाळच्या.
हो हो, आपल्याच सहाला.