शंभराला एकशे एक

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची बॉडी, गुऱ्हाळाच्या चरकाचं चाक,
एकदा एका बाकाचे पाय, सिंहाच्या पंजासारखे.

माझ्याकडची पट्टी खोटी होती.
खोटी म्हणजे, लिहिलेलं असायचं शंभर
आणि अंतर असायचं एकशे एक.
बीड निवताना आकसतं.
तेवढी जागा आधीच सोडावी लागते.
नवी पोरं हसायची. मग त्यांचा एक जॉब वाया जायचा,
मग हसायची नाहीत.

परवा तौफिक शिकलगार आला
(त्याचे वडील आमच्या करवतींना धार लावायचे),
आणि मुलानं पुण्याला जाताना टाकून दिलेला कॉम्प्युटर
पुसूनबिसून म्हणाला,
काका, ह्याच्यावर नवा डेस्कटॉप टाकूया.
किती?
काय न्हाई.
फुकट?
तो जरा थांबला.
फुकट न्हवं काका. मोकळं.
आत काय चाललंय बघता येतंय, बदलता येतंय,
बदललेलं दुसऱ्याला देता येतंय.
म्हटलं, म्हणजे कास्टिंगबरोबर पॅटर्नपण.
आं?
काही नाही. चालू दे तुझं.

आधी खालची पट्टी उचलून डावीकडे उभी केली.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तारीख पुढच्या महिन्यात.
मग माउसची बटणं उलटी केली.
उजव्या हाताची दोन बोटं बँडसॉनं नेली,
सत्त्याण्णव साली,
शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती.
घड्याळ काढून टाकलं.
मग म्हटलं, असू दे, पण सेकंदाचा काटा नको.

मागं रंकाळा लावून बघितला.
संध्याकाळच्या त्या पाण्यात
सगळ्या फायली बुडाल्या.
शेवटी मी चालत गेलो चौगुल्यांच्या फौंड्रीत
आणि मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा फोटो काढून आणला.
तिच्यावर काहीही ठेवा, उमटतं.

कचऱ्याच्या डब्याचं नावसुद्धा बदलता येतं.
मी लिहिलं, भंगार.
तौफिकला वाटलं चेष्टा.
त्यानं भट्टी कधी भरलेली नाही.
भंगार टाकून दिलेलं नसतं बाबा,
सकाळी आत जातं ते तेच.

मेनू मराठीत आहे. कुणीतरी बसून केलाय,
नाव दिसतं आत कुठंतरी बारीक अक्षरात, मृणाल खोत,
कुठल्या गावची देव जाणे.
एके ठिकाणी ‘जतन कारा’ झालंय.
तौफिक म्हणाला, कळवूया, सगळ्यांचंच दुरुस्त होईल.
म्हटलं, कळव. पण उद्या.
आम्हीपण पॅटर्नच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी,
पटाशीची एक खूण ठेवायचो.

शेवटी बाण. मोठा कर म्हटलं.
केला.
अजून.
केला.
अजून.
काका, एवढा तुम्हाला आत्ता लागत न्हाई.
आत्ता नाही, मी म्हटलं.
तो माझ्याकडं बघत राहिला.
मग त्यानं अजून एक घर पुढं सरकवला,
आणि चहा न घेताच गेला, त्याला क्लास होता.

रविवारी मुलगा आला.
सवयीनं उजव्या हातानं माउस धरला, दाबलं,
भलतंच उघडलं.
आप्पा, हे काय करून ठेवलंय?
कुठं काय आहे तेच कळत नाही.
मला कळतंय की.
आणि हा बाण! केवढा तो!
पूर्वीसारखं करून देऊ का सगळं? एका बटणात होतं.

ड्रॉवरमध्ये ती पट्टी अजून आहे,
आकडे पुसलेत, पण आहे.
काढून त्याला दाखवावी असं वाटलं.
मग म्हटलं, इंजिनिअर झालाय तो,
कधीतरी त्याचाही एखादा जॉब वाया जाईल.

राहू दे तसाच, म्हणालो.
अजून निवतोय मी.