तिसऱ्या कडव्यातली शिट्टी

भुसावळात ते इंग्रजी गाणं ज्यांनी ऐकलं
त्यांच्यातल्या एकालाही त्याचे शब्द येत नाहीत.
मलाही नाहीत. मी तर त्याच्या एकशे बारा कॅसेटी भरल्या,
लखमीचंदच्या दुकानात, मागच्या खोलीत,
मे महिन्यात टेप तापून गाणाऱ्याचा घसा बसायचा
म्हणून मशीनखाली ओला पंचा घालून.

तबकडी डेस्मंड रायलीची,
पंधरा बंगल्यातला मेल ड्रायव्हर.
हातात देईना. म्हणाला, इथंच भर, आणि बोट लावू नको.
अठ्ठ्याहत्तर साल. मी माईक धरून बसलो,
खोकला गिळत.
खिडकी उघडी होती. त्या उकाड्यात ती कोण लावणार?
तिसऱ्या कडव्यात,
ढोल थांबतात आणि गिटार एकटीच वर चढत जाते,
तिथं यार्डातून एका इंजिनानं शिट्टी दिली.
एक लांब. मग एक आखूड.
डेस्मंड हसला.
पुन्हा भरायचं राहिलं, त्याला ड्युटीवर जायचं होतं.

एकशे बारा कॅसेटींत ती शिट्टी गेली.
वरणगावला गेली, यावलला गेली,
गणपतीच्या मांडवात आरतीआधी वाजली,
आणि कुणालाच वाटलं नाही की ती गाण्यातली नाही.

रुबाब तडवी, लोकोशेडचा फिटर, अजून सांगतो,
'शिट्टी होती म्हनून गानं चाललं, भो.
नाहीतं ते बोंबलनं कोन ऐकतं?'
त्याचं म्हणणं, आवाज आपल्या डब्ल्यूजीचा,
गोऱ्यांनी इथूनच भरून नेला असंल.
झोपे मास्तर म्हणतात, शक्यच नाही, विलायती इंजिन.
एकोणीस वर्षं झाली या भांडणाला.
मधे एक वर्ष दोघं बोलत नव्हते.

सावद्याच्या वामन फेगडेची केळी दिल्लीला जायची,
तोही ट्रकबरोबर, कॅसेट संपली की उलटी न करता
पुन्हा तीच मागं न्यायचा.
धृपद त्याला ऐकू यायचं, 'मांडे गं, मांडे गं.'
घरीही तेच गुणगुणायचा.
'बायकोले वाटे, मी तिलेच सांगतो.
करे बिचारी, खापरावर, हात भाजून घेऊन.
मी कधी तिले खरं सांगलं नाही.'

कुमुद भारंबे, रेल्वे दवाखान्यातली नर्स,
स्पष्ट बोलते, 'मले तं ते कधी आवडलंच नाही.'
थांबते.
'पन चार नंबर वॉर्डात एक भाजलेला फायरमन होता.
वॉर्डबॉय हळू आवाजात लावे.
बाकी काही कळे ना त्याले.
त्या शिट्टीले डोये उघडे.'
पुढचं ती सांगत नाही. मी विचारत नाही.

डेस्मंड पर्थला गेला. एकदाच पत्र आलं.
लिहिलं होतं, ते गाणं मुळात सुमारच होतं,
तबकडीच्या मागच्या बाजूचं खरं चांगलं,
ते तुम्ही लोकांनी कधी मागितलंच नाही.

परवा झोपे मास्तरांच्या नातवानं
चहाच्या टपरीवर मोबाइल काढला,
'आजोबा, तुमचं ते गाणं सापडलं.'
आम्ही वाकलो. चार टकली, एक फोन.
आवाज इतका स्वच्छ की परका वाटला.
तिसरं कडवं आलं. ढोल थांबले.
गिटार चढली, चढली,
आणि नुसतीच वर जाऊन उतरली.

रुबाबनं चहाचा ग्लास खाली ठेवला.
'कापलं यायनी,' तो म्हणाला.
'कापलंच,' झोपे मास्तर म्हणाले.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
दोघांचं एकमत झालं.
माझ्याकडं बघत होते, मी जाणकार म्हणून.
मी मान हलवली.

घरी आलो. कपाटात एकशे तेरावी आहे,
माझी स्वतःची, फितीला बुरशी आलेली.
वाजवायला यंत्र नाही.
तोंडानंच दिली. एक लांब.
दात नाहीत पुढचे, वारा जास्त गेला.
मग एक आखूड.

आतून बायको म्हणाली,
कोन आलं वो?