डांबर

हूम्त सूकच्या बाजारात मी चांदीची तार ओढतो.
केसाएवढी झाली की तिची दोन टोकं
ज्योतीत धरून एकमेकांत विरघळवतो.
जोड दिसला तर मजुरी कापतात.
रब्बी मखलूफ म्हणायचे, शास्त्रात उलटं आहे,
तिथे जोड दिसायलाच हवा.

शनिवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं,
आम्ही सात पोरं चटईवर.
ते एका पुस्तकातला शब्द चिमटीत धरायचे
आणि दुसऱ्या पुस्तकाच्या दाराची कडी वाजवायचे:
हा तुमच्याकडचा का?
कधी कधी आतून कोणी ओ द्यायचं नाही.
मग हसून म्हणायचे, घरी नसतील, पुढच्या आठवड्यात बघू.

त्या दिवशी शब्द होता तेवा.
प्रलयातली तीनशे हात लांब नाव,
ती तेवा.
आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलेली
तीन महिन्यांच्या बाळापुरती पेटी,
तीही तेवाच.
सबंध शास्त्रात या दोनच जागा. तिसरी नाही.
"का?"
माझा थोरला भाऊ खम्मूस म्हणाला,
दोघींना वल्हं नाही, सुकाणू नाही.
"छान. अजून?"
दोघींना डांबर फासलंय.
"छान. अजून?"
मग एक माशीच काय ती बोलत होती.

तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला,
तशी आईनं पत्र्याची ट्रंक पुढ्यात ओढली.
मंगळवारी खम्मूस ट्युनिसला, तिथून बोटीनं मार्सेल.
सालेम कोळ्याकडचं डांबर चुलीवर पातळ करून
ती चिंधीनं सांधी बुजवत होती.
आईला अक्षर येत नव्हतं.
मी तिला शब्द सांगितला, रब्बींचा प्रश्नही.

"त्या पेटीला झाकण होतं?"
असणार. राजकन्येनं ती उघडली, असं लिहिलंय.
"मग बंद कोणी केली?"
ते लिहिलेलं नाही.
"आणि मोठीचं दार?"
ते आहे. सगळे आत गेले
आणि देवानं मागून दार लावलं.
चिंधी हातात तशीच राहिली.
"बाहेरून?"
हो. बाहेरून.
"म्हणजे तो बाहेरच राहिला,"
आई म्हणाली,
आणि उरलेली सांध बुजवायला घेतली.

पुढच्या शनिवारी मी हे चटईवर ठेवलं,
जणू मलाच सुचलं होतं.
रब्बींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
"कोण म्हणालं हे?"
आई.
"नाव काय तिचं?"
वर्दा.
"मग तसं सांग. आधी नाव, मग अर्थ."
आणि त्या थोराड, दाढीवाल्या नावांच्या रांगेत,
भिंतीला टेकून झोपलेल्या मोशीसमोर,
मी उभा राहून म्हणालो:
वर्दा म्हणते.

तीन आठवड्यांनी भावाचं पत्र आलं.
खोली मिळाली आहे, जिना फार आहे,
बंदरावर काम मिळेलसं वाटतं.
बोटीत पाणी शिरलं होतं, पण कपडे कोरडे निघाले.
ट्रंक मात्र उघडेना, शेवटी छिन्नी लावावी लागली.
आईला विचार, खाली लिहिलं होतं,
एवढी घट्ट बंद कोणी केली?

मी वाचून दाखवलं.
तिनं ते पुन्हा वाचायला लावलं, फक्त शेवटची ओळ.
आणि आपल्या अंगठ्याचं नख बघत बसली,
त्यात अजून थोडं काळं होतं.